उजेडाच्या टेबलावरच्या माना

कॉड माशातल्या अळीची किळस जाते. पहिले दोन महिने घास उतरत नाही, तिसऱ्या महिन्यात उतरतो, आणि वर्ष सरता सरता बाई एका हाताने अळी उपटते नि दुसऱ्या हाताने डोक्यावरची जाळी सारखी करते. चौतीस वर्षांच्या अनुभवावर सांगते. माणसांची किळस मात्र जात नाही, उलट वाढत जाते. त्यात स्वतःचीच यायला लागली की कुठे पळणार?

माझं नाव ओद्नी. आमच्या खाडीवरच्या मासळीच्या कारखान्यात मी अकरा वर्षं तपासनीस होते. त्याआधी तेवीस वर्षं मीही उजेडाच्या टेबलावरच होते. टेबलाचा वरचा भाग काचेचा, काचेखाली दिवे. बायका एका रांगेत उभ्या राहतात, काटा काढलेली माशाची फाक काचेवर अंथरतात, आणि खालच्या उजेडात मांसात वेटोळं घालून बसलेली तपकिरी अळी दिसते. सुरीच्या टोकाने काढायची, बादलीत टाकायची, पुढची फाक घ्यायची. सकाळी सातला सुरू, आणि वीस बायका दिवसभर मान मोडून उभ्या.

माझं काम त्यांच्या पाठीमागचं. प्रत्येकीच्या खोक्यातून तीन फाका उचलायच्या, भिंतीपाशी माझं छोटं टेबल होतं त्यावर ठेवायच्या, आणि राहून गेलेल्या अळ्या मोजायच्या. दोनपर्यंत माफ. तीन निघाल्या की खोकं परत. आठवड्यात तीन खोकी परत गेली की कॉफीच्या खोलीतल्या फळ्यावर नाव. आणि तीनदा फळ्यावर नाव आलं की टेबल सुटलं, बाईची रवानगी मुंडक्यांच्या शेडमध्ये. तिथे कॉडची मुंडकी सुकवतात. मुंडक्यांनी भरलेल्या जाळ्या डोक्याच्या वर उचलून टांगायच्या असतात, आणि तो वास केसांतून आठ दिवस जात नाही.

त्या हिवाळ्यात बेराचं नाव फळ्यावर दोनदा येऊन गेलं होतं.

बेरा माझी शेजारीण. सतराव्या वर्षी आम्ही दोघी एकाच सकाळी कारखान्यात लागलो आणि तेवीस वर्षं खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलो. मी तपासनीस झाले, ती तिथेच राहिली. नवरा समुद्रावर गेला तो आलाच नाही. मुलगा कोल्बेन राजधानीत, तळघरातल्या दोन खोल्यांत. टेबल सुटलं तर शेडमधल्या जाळ्या उचलणं बेराला शक्य नव्हतं. गावात दुसरं काम नाही. म्हणजे घर बंद करून कोल्बेनच्या तळघरात जायचं. "खिडकीच्या त्या भोकातून लोकांचे बूट दिसतात फक्त," ती म्हणायची. "बूट बघत मरू का मी?"

तिला काय होतं ते साऱ्या कारखान्याला माहीत होतं. उजव्या बाजूला, मान जिथे कवटीला मिळते तिथे कळ सुरू व्हायची, कानामागून वर चढायची आणि उजव्या डोळ्याच्या मागे जाऊन बसायची. मग तो डोळा अर्धा मिटायचा, मळमळायचं, उजेड सहन व्हायचा नाही. आणि काम तर उजेडाकडे बघण्याचंच. मागून हाक मारली तर बेरा मान वळवत नसे, पाय हलवून सबंध अंगाने वळायची. पण तशा आमच्या निम्म्याअधिक बायका वळायच्या. आमच्याकडे मान धरणं म्हणजे पाऊस पडण्यासारखं. कुणी डॉक्टरकडे जात नाही. दुखतंय तर दुखू दे, होईल नीट. अशा चिवटपणाचं आम्हाला भारी कौतुक.

शनिवारी गरम पाण्याच्या कुंडात बसलं की त्या कौतुकाचा बाजार भरायचा. मला त्या कुंडाचीही किळस येते. गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेल्या बायका, लाल झालेल्या, एकमेकींच्या मानेवर ओली बोटं फिरवतात.

"लाव, लाव हात. अंड्याएवढी गाठ आहे की नाही?"

"तुझं काय घेऊन बसलीस! माझी बघ. माझी तर खांद्यापर्यंत दोरी आहे नुसती."

गाठींचा अभिमान! पोराच्या मार्कांचा सांगावा तसा. आणि सल्ले तर काय, फुकटचे.

दिर्फिना म्हणाली, "बेरा, तुला वारं बसलंय. मानेवर वारं बसलं की डोळ्यात चढतंच. लोकर गुंडाळ." दिर्फिना आमच्यात थोरली, बासष्टची, तोंडाने फटकळ.

दुसरी म्हणाली, "माझ्या भावाच्या घोडीला लावतात ना ते तेल आणते. घोडी दुसऱ्या दिवशी उड्या मारायला लागली."

"घोडी चार पायांवर उभी असते, बाई," बेरा म्हणाली. "तिला टेबल नाही."

तिसरीने आकुरेरी शहरातली ती बाई सुचवली, जिच्या अंगात मेलेला डॉक्टर येतो, आणि तोच मग रात्री दुखणेकऱ्याच्या घरी येऊन तपासून जातो. बेरा बिचारीने तेही केलं. नाव कळवलं, सांगितल्या दिवशी उशाशी स्वच्छ पाण्याचा पेला ठेवला, चादर बदलली. "आला का ग डॉक्टर?" मी विचारलं. ती म्हणाली, "आला असेल. पाणी तेवढंच होतं. जिवंत डॉक्टर तरी कॉफी पितो."

मी काय केलं? मी लोकरीचा गळपट्टा विणला. जाडजूड, तीन वेढ्यांचा. तो बांधला की बेराचं डोकं मागून ढकलल्यासारखं पुढे यायचं, हनुवटी छातीवर टेकायची. मला वाटलं, चला, आपण मैत्रीण म्हणून काहीतरी केलं.

फेब्रुवारीत एकदा कामावर असतानाच तिला उलटी झाली. अळ्यांच्या बादलीत झाली. वर पिवळं पाणी, खाली अळ्या, त्या वळवळताहेत. बायका तोंड फिरवून बाजूला झाल्या. मीही नाक दाबलं आणि म्हणाले, "बेरा, पुसून घे आणि जागेवर ये." तेवीस वर्षं जिच्या शेजारी उभी राहिले तिला मी हे म्हणाले. तिने खिशातून दोन गोळ्या काढल्या, पाण्याशिवाय गिळल्या आणि पुसायला लागली. गोळ्या ती रोज घ्यायची. दोनाच्या चार, चाराच्या सहा. गोळीचा असर उतरला की डोकं पहिल्यापेक्षा जास्त ठणकायचं, म्हणून पुढची गोळी. त्या दिवसापासून तिच्या शेजारी उभं राहायला कुणी तयार होईना, आणि टोकाची एक जागा रिकामीच राहिली.

त्याच दुपारी तिच्या खोक्यातून तीन फाका काढल्या. पाच अळ्या. त्या आठवड्यातलं तिचं ते तिसरं खोकं. म्हणजे फळा, आणि फळ्यावर तिसऱ्यांदा.

मी इकडेतिकडे बघितलं. माझ्याकडे कुणाचं लक्ष असायची सोयच नव्हती. पाचही अळ्या काढल्या आणि एप्रनच्या खिशात टाकल्या. वहीत लिहिलं: एक.

मग ती सवयच झाली. कधी चार, कधी सात. बर्फातून आलेली अळी मेल्यासारखी दिसते, पण खिशाची ऊब लागली की जागी होते. मी बायकांच्या मागून ताठ चालायची आणि मांडीला खिशातली वळवळ जाणवायची. घरी गेल्यावर शेगडीत खिसा झटकायचा, एप्रन उकळत्या पाण्यात घालायचा. याच मी मागच्या वर्षी एका पोरीला तीन अळ्यांवरून रडवलं होतं. बेराला काही सांगितलं नाही. मनात मात्र मीच माझी पाठ थोपटत होते, की बघ, तुझ्यासाठी मी काय काय करते.

मार्चमध्ये कामगार संघाने एक फिजिओथेरपिस्ट पाठवली. ऊना तिचं नाव. तिशीची असेल, लांबलचक पोरगी, हातात मोजपट्टी. व्यवस्थापक तोर्फीने तिला कॉफीच्या सुट्टीतली पंधरा मिनिटं दिली, तीही उपकार केल्यासारखी. बायका साखरेचा खडा दातात धरून कॉफी पीत होत्या, कुणीतरी क्लेइना, म्हणजे पिळाच्या गोड पुऱ्या, तळून आणल्या होत्या, आणि पोरीची टिंगल सुरू झाली.

"काय ग, तू मेलेली आहेस की जिवंत?" दिर्फिनाने विचारलं. "आमच्याकडे मेलेलेच डॉक्टर येतात."

"अजून तरी जिवंत आहे," ऊना म्हणाली. "सगळ्यात जास्त डोकं कुणाचं दुखतं?"

सगळ्यांनी बेराकडे बोट दाखवलं. ऊनाने तिला खुर्चीवर बसवलं आणि आधी गळपट्टा सोडवला. मला ते आवडलं नाही. मग विचारत बसली: कळ कुठून निघते, नेहमी एकाच बाजूला का, हातात मुंग्या येतात का, हात लुळा पडतो का, कधी एकाएकी डोक्यात स्फोट झाल्यासारखं झालं का, ताप, तोल जाणं? यातलं काही असेल तर माझ्याकडे नाही, थेट डॉक्टरकडे जायचं, म्हणाली. बेरा नाही नाही म्हणत गेली. मग ऊनाने दोन बोटं तिच्या मानेच्या वरच्या टोकाशी, उजव्या बाजूला ठेवली आणि हळूहळू दाब दिला.

बेरा ओरडली, "डोळा! अगं, डोळ्यात गेली!"

"हीच ना रोजची कळ?"

"हीच ती रांड!"

कॉफीच्या खोलीत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "दुखतंय डोकं आणि ही चाचपते मान! रोग रेड्याला नि औषध पखालीला!"

"उलटं आहे," ऊना शांतपणे म्हणाली. "औषध आतापर्यंत पखालीला देत होतात. डोळा चांगला आहे हिचा. मानेच्या वरच्या मणक्यांच्या नसा आणि कपाळाच्या, डोळ्याच्या नसा आत एकाच ठिकाणी येऊन मिळतात. दुखते मान, आणि मेंदूला वाटतं डोळा दुखतोय. डोकं पाच किलोचं असतं बायांनो. ताठ असलं की मणक्यांवर आरामात बसतं. असं वाकवलं की मागच्या स्नायूंना ते चार-पाच पट जड होतं. दिवसाचे आठ तास तुम्ही ते नुसतं लोंबतं धरून ठेवता."

मग तिने हनुवटी आत घ्यायला शिकवली. वर नाही, खाली नाही, सरळ मागे, दुहेरी हनुवटी दिसेल अशी. पाच मोजायचं, सोडायचं, दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. वीस बायका दुहेरी हनुवट्या करून एकमेकींकडे बघायला लागल्या आणि हसून हसून एकीच्या नाकातून कॉफी आली. ऊनाही हसली. पण सांगायची थांबली नाही. उशी एकच, आणि पालथं झोपायचं नाही. शेक घ्या, कुंडात बसा, हरकत नाही, पण कुंडातून निघाल्यावर चाला. गोळ्या आठवड्यात दोन दिवसांच्या वर नकोत, कारण रोजची गोळी स्वतःच डोकं दुखवते. ज्यांनी सहावर नेल्यात त्यांनी डॉक्टरला विचारून कमी करायच्या. बरं वाटायला सहा-आठ आठवडे लागतील, आणि पहिले काही दिवस शिव्या द्याल मला.

"आधीच देतोय," दिर्फिना म्हणाली. पण हनुवटी आत धरूनच म्हणाली.

"आता टेबल," ऊना म्हणाली. ती आत जाऊन मोजून आली. "फार खाली आहे. कुणाच्या मापाने केलंय?"

"जुन्या सुताराच्या," तोर्फी दारात उभा राहून म्हणाला. "मेला तो."

"पायांखाली ठोकळे घालून वीतभर उचला. बुटक्या बायकांना उभं राहायला फळी द्या. आणि दर वीस मिनिटांनी सगळ्यांनी मान वर करून लांब कुठेतरी बघायचं, अर्धा मिनिट. एवढं तरी सहज होतं. पण मी सकाळपासून दारातून बघतेय, तीन तासांत एकीनेही मान वर केली नाही. आणि समोरच्या खिडक्यांना आतून पांढरा रंग का फासलाय? बाहेर खाडी आहे ना? मान वर करायची नाही असं कुणी सांगितलंय तुम्हाला?"

आणि मग वीसही बायका माझ्याकडे वळल्या. मान वळवून नाही. खुर्च्या सरकवून, पाय फिरवून, खांदे, छाती, सबंध धड माझ्या दिशेला वळवून. एकीचीही मान नुसती वळली नाही. खुर्च्यांचा तो खरखराट मी विसरलेले नाही.

कारण सांगितलं होतं मी. अकरा वर्षांपूर्वी तपासनीस झाले त्याच महिन्यात अमेरिकेला गेलेला माल अळ्या सापडल्या म्हणून परत आला. तोर्फी सगळ्यांवर ओरडला. तेव्हा मी म्हणाले, बायका खिडकीतून बोटी बघतात, गप्पा मारतात, लक्ष कुठे असतं? रंगाचा डबा मीच आणला, तीन खिडक्या मीच रंगवल्या. आणि तेव्हापासून लाकडी पळीच्या दांड्याने टेबलाच्या कडेवर ठक ठक करत मागून फिरायची: "डोळे खाली." ज्या बाईची मान वर दिसली तिचं खोकं आधी उघडायची. खरं सांगायचं तर परत आलेल्या मालाचं निमित्त होतं. वीस वाकलेल्या मानांमागून ताठ चालायला मला आवडायचं. कालपर्यंत ज्या शेजारी उभ्या होत्या त्या आता वर बघत नाहीत, याची मजा वाटायची. हे लिहिताना तोंड कडू होतंय, पण खोटं कशाला लिहू?

तोर्फीने हात झटकले. "हे बघ ऊना, टेबल उचलायचं म्हणजे एक दिवस काम बंद. मानेचं दुखणं या खाडीचं हवामान आहे. माझी आईपण अशीच वळायची. आणि काही बिघडलेलं नाही. ओद्नी, ती वही दाखव. ही बघ बेरा. महिन्यापूर्वी दोनदा फळ्यावर होती. टेबल तेच, खिडकी तीच, आणि आता बघ आकडे! एक, एक, दोन, शून्य, एक. चिवट आहेत आमच्या बायका. मनावर घेतलं की झालं. मग ठोकळे कशाला?"

बेराचा चेहरा उजळला. तिला तो आकडा खरा वाटत होता. एवढी दुखत असूनही आपला हात सुधारलाय, असंच समजत होती ती. मी एप्रनच्या खिशाला हात लावला. सकाळच्या सहा होत्या आत.

गप्प राहिले असते तर बेराचं टेबल राहिलं असतं. टेबल राहिलं असतं, खाली, अगदी जिथे होतं तिथेच, आणि ती तिथे वाकून एक डोळा मिटून, गोळ्या गिळत, बादलीत ओकत उभी राहिली असती. मी दयेपोटी लिहिलेल्या आकड्यांवर बोट ठेवून तोर्फी तिला तिथेच उभी करत होता. आणि बोलले असते तर तिसरा फळा, शेड, तळघर, लोकांचे बूट.

मी उठले, क्लेइनांची बशी बाजूला केली आणि खिसा टेबलावर उलटा केला. बायका किंचाळून मागे सरल्या. अळ्या कॉफीच्या डागांवर पडल्या. एक सरळ होऊन चालायला लागली.

"आज सकाळच्या," मी म्हणाले. "सगळ्या बेराच्या खोक्यातल्या. महिनाभर रोज काढतेय. वहीतला एकही आकडा खरा नाही. टेबल उचल तोर्फी. आणि खिडक्यांचा रंग मी लावला होता, मी खरवडते."

तोर्फीचं तोंड वाकडं झालं. "शी! जेवायच्या टेबलावर? तुला लाज नाही वाटत?" मग त्याने खडू उचलला. नियम म्हणजे नियम. तो फळ्यावर बेराचं नाव लिहायला लागला. बेरा खुर्चीत बसून होती, हात मांडीवर, नजर अळ्यांवर. पहिलं अक्षर उमटलं, दुसरं उमटलं.

तेवढ्यात दिर्फिना उठली. हनुवटी आत धरूनच फळ्यापाशी गेली आणि बाहीने तो सबंध पुसून काढला. बेराचं नाव, बाकी दोघींची नावं, सगळं.

"हा काय प्रकार आहे?" तोर्फी म्हणाला.

"तपासनीस खोटी, तर फळा कसला खरा?" ती म्हणाली. "हिने बेराच्या लपवल्या. आणखी कुणाच्या लपवल्या, कुणाच्या वाढवल्या, कुणाला माहीत? सगळे आकडे गेले. तू अमेरिकेला काय कळवणार आहेस? बसव ठोकळे, आज बसव. सहा आठवड्यांनी खरी मोजणी कर. मोजणारी दुसरी बघ." मग ती माझ्याकडे वळली, धडासकट. "आणि तू. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. वाकायचं कामही आमच्याकडूनच करून घेतलंस."

तोर्फी अमेरिकेचं नाव ऐकून खडू खाली ठेवून बसला.

बायका एकेक करून आत गेल्या. बेरा शेवटी उठली. मला वाटलं, ती माझा हात धरेल. मी तिच्यासाठी नोकरी उधळली होती. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडावर मला जे दिसलं ते मी अळी पहिल्यांदा बघणाऱ्या पोरींच्या तोंडावर बघितलं आहे.

"महिनाभर खिशात अळ्या घेऊन माझ्यामागून हिंडलीस," ती म्हणाली. "एवढी किळस गिळलीस. त्यापेक्षा 'बेरा, मान वर कर' म्हणाली असतीस तर? एकदा तरी?"

गळपट्टा तिने खुर्चीवरच ठेवला. मी तो घरी आणला, उसवला, आणि लोकर अजून तशीच पडून आहे.

ठोकळे दुसऱ्या दिवशी बसले. खिडक्यांचा रंग खरवडायला मला दोन दिवस लागले. अकरा वर्षांचा रंग नखांखाली जातो, निघत नाही. पुढच्या सोमवारपासून दिर्फिना तपासनीस. मला शेड मिळायला हवं होतं, पण त्या जाळ्या उचलणं माझ्याही वयाला झेपणारं नव्हतं आणि टेबलावर टोकाची एक जागा रिकामी होतीच, बेराच्या शेजारची. तोर्फीने मला तिथे उभी केली. त्याला ती शिक्षा वाटली की सोय, कोण जाणे.

दिर्फिनाने घरून अंडी उकडायचं घड्याळ आणलं. वीस मिनिटांनी ते किणकिणतं आणि ती ओरडते, "माना वर!" मग वीस बायका वर बघतात. समोर खाडी, एखादी बोट, पलीकडचा डोंगर. अर्धा मिनिट हनुवट्या आत. पहिल्या आठवड्यात सगळ्या ऊनाला शिव्या घालत होत्या. बेराने डॉक्टरला विचारून गोळ्या कमी केल्या, आणि त्या दहा दिवसांत ती भिंतीला धरून चालत होती. तरी व्यायाम सोडला नाही. कॉफीच्या सुट्टीत खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी, एकटी, दहापर्यंत मोजत. तिसऱ्या आठवड्यात उजवा डोळा पूर्ण उघडा दिसायला लागला. कळ गेली नाही, पण रोजची होती ती आठवड्यातून दोनदावर आली. बादलीत पुन्हा ओकली नाही. सहा आठवड्यांनी दिर्फिनाने तिच्या खोक्यातल्या तीन फाका सगळ्यांसमोर उजेडावर धरल्या. एक अळी निघाली.

"एक," दिर्फिना मोठ्याने म्हणाली. "खरी एक."

बेराने हातमोजा काढला, नाक पुसलं आणि पुढची फाक घेतली. तळघर टळलं होतं. मला आनंद झाला, आणि तो कुणाला सांगायचा ते कळेना.

सहा आठवडे ती माझ्या शेजारी उभी होती आणि एक शब्द बोलली नव्हती. आमच्या दोघींच्या कोपरांत वीतभर अंतर. मला वाटायचं, तिला वळायला त्रास होतो म्हणून बघत नसेल. इतकी मी खुळी.

त्या दिवशी घड्याळ किणकिणलं. "माना वर!" मी वर बघितलं. माझ्या मानेत, उजव्या बाजूला, कवटीच्या खाली कळ उठली आणि कानामागून चढायला लागली. अकरा वर्षं ताठ चालून मिळवलेलं सगळं दीड महिन्यात गेलं होतं. मी हात मानेवर नेला, तोंडून हाय निघालं.

बेराने ऐकलं. तिचे पाय हलले नाहीत, खांदे हलले नाहीत. तिने मान वळवली, फक्त मान, सहज, पोरीबाळी वळवतात तशी, आणि दोन्ही डोळे पूर्ण उघडे ठेवून माझ्याकडे बघितलं. किती वर्षांनी ती अशी वळली होती, कुणास ठाऊक. तिच्या नजरेत कॉफीच्या खोलीतली तीच किळस होती, तसूभरही कमी झालेली नव्हती. मग तिने मान परत वळवली आणि खाडीकडे बघत राहिली.